गोदावरी अडवणारी मुलगी: ही विज्ञानकथा, फॅन्टसी की नुसती सुपरहिरो कथा?

भांडीबाजार_माहेर

नमस्कार मंडळी. इथे दोन वर्षं नुसती वाचत आलेय, लिहायची ही पहिलीच वेळ. जरा लांबण लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

मी एक दीर्घकथा लिहितेय, दिवाळी अंकाला पाठवायचीय. कथा आपल्या नाशिकची. नायिका अठरा वर्षांची, वडिलांचं भांडीबाजारात तांब्यापितळेचं दुकान. पावसाळा आला की खालच्या फळीवरची भांडी वर चढवायची आणि पाणी पायरीलाच थांबतंय की आत शिरतंय ते बघत रात्र काढायची, ह्यात ती लहानाची मोठी झालेली. मी स्वतः त्याच भागात वाढले त्यामुळे हे लिहायला मला काही शोधावं लागलं नाही. तर एका पुरात दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलेलं असताना ती एका फुलवाल्या आजींना ओढून काढायला पाण्यात उतरते आणि पाणी तिच्यापासून हातभर लांब उभं राहतं. भिंतीसारखं. पुढे तिला कळतं की आपण पाणी थांबवू शकतो, जितकं लक्ष एकवटेल तितकं. मग ती तोंडाला ओढणी गुंडाळून रात्री घाटावर जायला लागते, लोक तिला ओढणीवाली म्हणायला लागतात, घरी कुणाला पत्ता नाही.

नाशिकबाहेरच्यांसाठी सांगते, दुतोंड्या मारुती म्हणजे रामकुंडाजवळ नदीपात्रातच उभी असलेली उंच मूर्ती, दोन्ही बाजूंना तोंड असलेली. आमच्याकडे पूर किती आला ते घरात कुणी क्युसेकमध्ये सांगत नाही, मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याला लागलं असंच सांगतात.

तर आम्ही लिहिणारे आठदहा जण महिन्यातून एकदा भेटतो, तिथे ही कथा वाचली. वाचून झाल्यावर आमच्यातले एक ज्येष्ठ म्हणाले की शक्ती कुठून आली ते तू सांगितलेलं नाहीस म्हणजे ही विज्ञानकथा नाही, देवाने किंवा साधूने दिली असंही नाही म्हणजे अद्भुतकथाही नाही, मग उरतं काय तर सुपरहिरो, आणि ते लहान मुलांचं, दिवाळी अंकाचे संपादक दोन पानं वाचून बाजूला ठेवतील. मला रात्रभर झोप लागली नाही. वाईट बोलले म्हणून नाही, ते मनापासून सांगत होते, पण मला उत्तर देता आलं नाही ह्याचं वाईट वाटलं.

सुपरहिरो कथा हा कल्पित साहित्यातला स्वतःचा असा प्रकार आहे का, की तो विज्ञानकथेचा नाहीतर फॅन्टसीचा एक कोपरा आहे? आणि मी शक्तीचं कारण द्यावं का? माझ्याकडे दोन कारणं तयार आहेत, एक सातपूरच्या कारखान्यातल्या रसायनाचं आणि एक ब्रह्मगिरीवरच्या उगमाचं, पण दोन्ही लिहून बघितली आणि दोन्ही वेळा कथा मेल्यासारखी वाटली.

इंद्रजाल_जपणारा

ताई, आधी ते लहान मुलांचं वाल्याचं बघू कारण त्याने मलाही चाळीस वर्षं त्रास दिलाय. मी नाशिकरोडला नोकरीत होतो, आता निवृत्त, आणि घरात इंद्रजाल कॉमिक्सचा एक आख्खा पत्र्याचा डबा आहे, मराठी अंक वेगळे बांधून ठेवलेत, वाळवी लागू नये म्हणून दर दिवाळीला उन्हात घालतो.

सुपरमॅन पहिल्यांदा आला तो १९३८ साली, क्लीव्हलंडच्या दोन तरुण पोरांनी काढलेला, जेरी सीगल आणि जो शुस्टर. त्या पहिल्याच गोष्टीत तो काय करतो माहितीये का? परग्रहावरच्या राक्षसाशी वगैरे लढत नाही. फाशी होणार असलेल्या एका निरपराध बाईला वाचवायला थेट गव्हर्नरच्या घरात घुसतो, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धरतो, आणि एका विकल्या गेलेल्या सिनेटरच्या मागे लागतो. अमेरिकेत मंदीचे दिवस होते, लोकांना कुणीतरी आपल्या बाजूने उभं राहावं असं वाटत होतं, त्यातून तो जन्मला. हे लहान मुलांचं कसं म्हणायचं? आणि हो, त्या दोघांनी ह्या नायकाचे सगळे हक्क १३० डॉलरला विकले, ही गोष्ट मला अजून लागते.

आता प्रकार कधी झाला. मुखवटा घालून रात्री बाहेर पडणारा नायक त्याच्याही आधीचा आहे, झोरो १९१९ चा. आपला वेताळ, म्हणजे मूळचा अमेरिकन फॅन्टम, १९३६ चा, इंद्रजाल १९६४ ला सुरू झालं आणि तो आपल्याकडे घराघरात गेला, देंकालीच्या जंगलात कवटीच्या गुहेत राहणारा, बापाकडून मुलाकडे चारशे वर्षं तोच वेश चालत आलेला, म्हणून लोकांना वाटतं हा मरतच नाही. वेताळाला एकही शक्ती नाही, शक्ती आहे ती लोकांच्या त्या विश्वासात. म्हणजे तुकडे सगळे आधीपासून पडलेले होते. पण प्रकार हा नक्कल सुरू झाल्यावर होतो असं माझं मत आहे. सुपरमॅन आल्यावर वर्षभरात दुसऱ्या एका प्रकाशकाने वंडर मॅन नावाचा जवळपास तसाच नायक काढला, पहिल्यांनी कोर्टात खेचलं आणि १९४० मध्ये निकाल लागला की ही नक्कल आहे. तो वंडर मॅन एका अंकातच संपला. आता बघा, कोर्टात दोन्ही बाजूंना हे सांगावं लागलं असणार की ह्यातलं सुपरमॅनचं स्वतःचं कुठलं आणि कुणीही वापरावं असं कुठलं. त्या भांडणातच प्रकाराची हद्द आखली गेली.

पीटर कूगन नावाच्या अभ्यासकाने २००६ च्या पुस्तकात तीन खुणा सांगितल्यात, निःस्वार्थ ध्येय, शक्ती, आणि नावावेशासकट वेगळी ओळख. तुमच्या ओढणीवालीत तिन्ही आहेत. ओढणी तर मला फार आवडली, नाशिकच्या उन्हात स्कूटीवर जाणारी प्रत्येक मुलगी तशीच बांधते, म्हणजे ती दिवसाढवळ्या गर्दीत उभी राहिली तरी कुणाला ओळखू येणार नाही. हे असं आपल्या मातीतलं सुचलं पाहिजे. तेव्हा हो, हा स्वतःचा प्रकार आहे आणि तुमची कथा त्यात बसते, घाबरू नका.

कॉलेजरोड_फिजिक्स

काकांशी बरंचसं सहमत पण एक दुरुस्ती. वेगळी ओळख लागतेच असं नाही, १९६१ मध्ये फॅन्टास्टिक फोर आले त्यांची खरी नावं सगळ्या गावाला माहीत, पहिल्या दोन अंकांत तर त्यांना गणवेशही नव्हता, तरी ते सुपरहिरोच. त्यामुळे तीन खुणा ह्या ओळखायला बऱ्या पण त्यांचं रेशनकार्ड करू नये.

आता कारणाबद्दल. मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो त्यामुळे तुमच्या ज्येष्ठांचं म्हणणं मला समजतं. आपल्याकडे विज्ञानकथा वाढली ती बरीचशी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धांमधून, जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये पहिली कथा तिथेच पाठवली होती आणि तीही नारायण विनायक जगताप ह्या टोपणनावाने. त्या वळणामुळे आपल्याला सवय लागली की विज्ञान काय आहे ते आधी विचारायचं. सवय चांगलीच आहे. पण सुपरहिरो कथेत कारण वेगळं काम करतं, ते समजून घ्या.

१९३८ च्या त्या पहिल्या सुपरमॅनच्या गोष्टीत चक्क शास्त्रीय स्पष्टीकरण दिलेलं आहे, मुंगी स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट ओझं उचलते आणि नाकतोडा माणसाच्या मापाने बघितलं तर कितीतरी इमारती ओलांडेल एवढी उडी मारतो, मग प्रगत ग्रहावरच्या माणसाला का जमू नये. वर्गात मी हे उदाहरण चुकीचं म्हणून शिकवतो, कारण मुंगी माणसाएवढी केली तर वजन लांबीच्या घनात वाढतं आणि पायाची ताकद वर्गात, ती स्वतःच्याच वजनाखाली बसेल. म्हणजे पहिल्याच पानावरचं विज्ञान चुकलेलं, तरी नायक टिकला. पुढे १९६२ मध्ये स्पायडरमॅनला किरणोत्सारी कोळी चावतो, हल्कवर गॅमा किरण पडतात, कारण लोकांच्या डोक्यात अणुबाँब होता. २००२ च्या सिनेमात तोच कोळी जनुकं बदललेला झाला, कारण तोवर लोक जनुकांना घाबरायला लागले होते. आणि आपला शक्तिमान, १९९७, त्याला कुंडलिनी आणि पंचमहाभूतं. तीन वेगळी कारणं, पण गोष्टीची चाल तीच. कारण बदललं म्हणून प्रकार बदलला नाही, ते फक्त त्या काळातल्या लोकांच्या भीतीची नाहीतर श्रद्धेची पावती असतं. तेव्हा सातपूरचं रसायन तुम्ही घातलंत तर वाचकाच्या मनात प्रदूषण येणार आणि ब्रह्मगिरी घातलात तर पावित्र्य येणार, तुमची कथा दोन्हीबद्दल नाहीये, ती पुराबद्दल आहे, म्हणून ती मरत असणार.

मग विज्ञानकथा कुठे सुरू होते? माझ्या मते शक्ती आल्यानंतर जग खरंच बदलायला लागतं तिथे. नेहमीच्या सुपरहिरो कथेत दर महिन्याला शहर वाचतं आणि पुढच्या महिन्यात सगळं जसंच्या तसं असतं, एवढी अफाट यंत्रं बनवणारे शास्त्रज्ञ तिथे राहतात पण रस्त्यावरच्या माणसाच्या आयुष्यात काही फरक नाही. वॉचमेन ह्या कॉमिकमध्ये, १९८६-८७ चं, नेमकं हेच उलटं केलंय, सगळ्यांत मिळून खरी शक्ती असलेला एकच माणूस आणि त्या एकामुळे अमेरिका व्हिएतनाम जिंकते, निक्सन १९८५ मध्येही राष्ट्राध्यक्ष असतो, रस्त्यावर विजेच्या गाड्या आहेत. ती सुपरहिरो कथा आहे आणि विज्ञानकथाही आहे.

हे तुमच्या कथेला लावून बघा. होळकर पुलाखालून समजा १०,००० क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, पाणी चाललंय, हा काही फार मोठा पूर नव्हे. एक घनफूट म्हणजे साधारण २८.३ लिटर, म्हणजे सेकंदाला २८३ टन. तुमची नायिका रामकुंडावर उभी राहून हे एक तास थांबवते. तासाला ३ कोटी ६० लाख घनफूट, वजनात दहा लाख टनांच्या वर. हे पाणी जातं कुठे? पाणी थांबलं म्हणजे नाहीसं होत नाही, मागे चढतं. दोन मीटर उंचीने पसरलं असं धरलं तर सव्वाशे एकर. रामवाडी, घारपुरे घाट, पुढे गंगापूर रोडच्या अंगाने. भांडीबाजार वाचवताना ती कुणाच्या तरी घरात पुरुषभर पाणी घालतेय. हे गणित तुम्ही कथेत आकड्यांनी मांडू नका, पण ते तुम्हाला माहीत पाहिजे.

अंजनेरीची_वाट

मला एक कळत नाही, आपण एवढे लांब कशाला जातोय. त्र्यंबक रोडने निघालं की अंजनेरी लागतो, हनुमानाचा जन्म तिथला असं आपण लहानपणापासून ऐकतो, उडणारा, पर्वत उचलणारा, शेपटीने लंका जाळणारा, हा पहिला सुपरहिरो नाही का. आणि ह्याच त्र्यंबकेश्वरात १८७० मध्ये दादासाहेब फाळके जन्मले ज्यांनी १९१७ मध्ये लंकादहन काढला आणि कॅमेऱ्याच्या करामती करून पडद्यावर हे सगळं दाखवलं, सुपरमॅनच्या २१ वर्षं आधी. नंतर १९१९ मध्ये कालिया मर्दन, त्यात त्यांची लहान मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली होती. एक लहान पोर नदीत उडी मारून नदी मोकळी करतं, ताई तुमचीच कथा आहे ही. आपल्या जिल्ह्यात हे सगळं असताना आपल्याला सुपरहिरोची परंपरा नाही असं कसं म्हणायचं?

इंद्रजाल_जपणारा

फाळक्यांची आठवण काढलीत, बरं वाटलं. नाशिकलाच १९४४ मध्ये गेले ते. पण भाऊ, हनुमानाला सुपरहिरो म्हणायला माझं मन धजत नाही, आणि ते भक्तीपोटी नाही, गोष्टीच्या घडणीमुळे. पुराणात शक्ती वरदानातून येते, तपातून येते, शापाने जाते, आणि त्या जगात सगळ्यांनाच हे माहीत असतं, देवांची सभा भरते, ऋषी येतात जातात. वानरसेनेत उडी मारणारा एकटा हनुमान नाही, सगळ्यात लांब मारणारा आहे एवढंच. सुपरहिरोचं जग आपलं असतं, तिथे बस चुकते, वर्तमानपत्र येतं, पोलीस पंचनामा करतात, आणि त्यात एकच माणूस असा निघतो की ज्याला कुठल्याच खात्यात नोंद नाही. त्या एकटेपणातून गोष्ट होते. पुराणातला नायक बलाढ्य असतो पण असा एकटा नसतो.

तरी एक गोष्ट मात्र रामायणातून घ्याच. हनुमान स्वतःची शक्ती विसरलेला असतो, लहानपणीच्या खोड्यांमुळे ऋषींचा शाप, आणि समुद्रकिनारी सगळे हताश बसलेले असताना म्हातारा जांबवंत त्याला आठवण करून देतो. शक्ती कुठून आली हा प्रश्नच तिथे महत्त्वाचा राहत नाही, कुणी आठवण करून दिली हा राहतो. ताई, तुमच्या कथेतल्या त्या फुलवाल्या आजी तुमचा जांबवंत होऊ शकतात. त्यांनी कितीतरी पूर बघितलेत, त्यांना काहीतरी माहीत असावं.

भांडीबाजार_माहेर

बापरे, एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. जांबवंताचं वाचलं आणि अंगावर काटा आला, आजी मी नुसत्या वाचवायला ठेवल्या होत्या.

सर, तुमचं गणित वाचून मात्र पोटात गोळा आला. मी कथेत लिहिलंय की ती रात्रभर पाणी अडवते आणि सकाळी सराफ बाजार कोरडा, लोक एकमेकांना पेढे देतायत. मागे रामवाडीत काय झालं असेल ह्याचा मी विचारच केला नव्हता. एक मन म्हणतं की ही कल्पित कथा आहे, पाणी उभं राहतं हे वाचकाने मानलंच आहे तर ते मागे चढत नाही हेही मानेल. हे चालेल का?

कॉलेजरोड_फिजिक्स

मानेल, वाचक एक अशक्य गोष्ट सहज मानतो. पण दुसरी अशक्य गोष्ट जर नायिकेची अडचण सोडवायला आणलीत तर त्याला वाटतं लेखिका सोय बघतेय. पाणी थांबणं ही तुमची एक देणगी आहे, त्याच्या पुढे सगळं पाणी पाण्यासारखंच वागू दे.

सायखेडा_पूल

मी लेखक नाही, वाचतो फक्त. निफाड तालुक्यातला, द्राक्षबाग आहे, थोडा ऊस. पण हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे रामकुंडापर्यंतच बोलताय. नदी पुढं आमच्याकडं येते. गंगापूर धरणातनं सोडलं की ते नाशिकला दिसतं, टीव्हीवर मारुती दाखवतात, गाडगे महाराज पूल दाखवतात, आणि मग बातमी संपते. आमच्याकडं गोदावरीला दारणा नदीचंही पाणी मिळालेलं असतं, पुढं नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा, म्हणून सायखेडा चांदोरीला पाणी चढतं आणि लवकर उतरत पण नाही. पुलाला पाणवेली येऊन अडकतात, जाळ्यासारख्या, त्या काढायला जेसीबी लावावा लागतो. पूर येतो तेव्हा माणसं गुरं सोडवायला पळतात, कारण दावणीला बांधलेलं जनावर स्वतः सुटत नाही. हे मी डोळ्यांनी बघितलंय, एकदा एक गाय आम्हाला नाही सोडवता आली.

आता तुमची ओढणीवाली तासभर पाणी अडवते असं सर म्हणतात. बरं, अडवलं. मग ती दमणार ना? हात खाली घेतला की तासाभराचं पाणी एकदम निघणार. धरणवाले निदान भोंगा वाजवून, मोबाईलवर मेसेज टाकून, टप्प्याटप्प्याने वाढवतात. ती काय मेसेज टाकणार? तिने भांडीबाजार वाचवला पण आमच्याकडं जे यायचं ते दुप्पट जोराने आलं. तिकडं पेढे वाटले आणि इकडं कुणाच्या गोठ्यात पाणी शिरलं ह्याचा तिला पत्तापण नाही. मी ह्या मुलीवर रागावलो नाहीये, अठरा वर्षाची पोर आहे, तिला आपलं दुकान दिसतं. पण लेखिकेला आम्ही दिसलो पाहिजे.

आणि दुसरं. ही बातमी फुटली की पुढाऱ्यांपासून पाटकऱ्यांपर्यंत सगळे तिच्या दारात येणार. पावसाळ्यात म्हणणार अडव, आणि ऑक्टोबरमध्ये म्हणणार आता तर अडवच, कारण वरच्या धरणातलं पाणी मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाला सोडायची वेळ येते. २००५ च्या कायद्यापासून समन्यायी पाणीवाटप आलं, मग २०१४ मध्ये ठरलं की जायकवाडी १५ ऑक्टोबरला ६५ टक्क्यांच्या खाली असलं की वरून सोडायचं, हा ६५ चा आकडा इथल्या शेतकऱ्याला पोराच्या वाढदिवसासारखा पाठ आहे. गंगापूर धरण साडेपाच टीएमसीच्या, म्हणजे साडेपाच अब्ज घनफुटांच्या आसपास, जायकवाडीचा नुसता उपयुक्त साठा ७६ टीएमसीच्या वर, म्हणजे आमची धरणं तिथं ओतून दिली तरी ते भरत नाही अशी आमची तक्रार, आणि आमच्या वाट्याचं पाणी तुम्ही वरच अडवून ठेवलं अशी मराठवाड्याची तक्रार, आणि खरं सांगायचं तर पैठणच्या खालच्या शेतकऱ्याची तहान खोटी नाहीये. माझी बहीण तिकडं दिलीये, गेवराईला, तिच्या घरी उन्हाळ्यात टँकर येतो.

आता तुमची मुलगी घाटावर उभी आहे आणि नाशिकचे लोक म्हणतायत अडव. तिने अडवलं तर ती नाशिकची हिरो, मराठवाड्यात तिचं नाव काय असेल? तुमच्या कथेत खलनायक कोण आहे ते तुम्ही सांगितलं नाही. मला वाटतं गरजच नाही.

अंजनेरीची_वाट

दादा, काय लिहिलंत तुम्ही.

कॉलेजरोड_फिजिक्स

मी जे वॉचमेनवरून सांगायचा प्रयत्न करत होतो ते सायखेड्याच्या दादांनी चार परिच्छेदांत सांगितलं. ह्याच्यापुढे ती विज्ञानकथा की सुपरहिरो ह्याला मला फारसा अर्थ दिसत नाही, म्हणजे ती दोन्ही झाली. जग बदललं, आणि कुणाला तरी त्याचा जाब द्यावा लागला.

सिडको_रात्रपाळी

उशिरा आलो, अंबडला शिफ्ट संपवून. सगळ्यांनी गोष्टीबद्दल छान सांगितलं, मी लिहिण्याच्या पद्धतीबद्दल एकच बोलतो. सुपरहिरो हा चित्राचा प्रकार आहे, रंग, वेश, छातीवरची खूण, हे सगळं डोळ्याला एका झटक्यात कळतं. नुसत्या गद्यात ते येत नाही, तुम्ही तीन ओळी वेशाचं वर्णन केलं की वाचक पुढे उडी मारतो. इंग्रजीत नुसत्या गद्यातली वाइल्ड कार्ड्स नावाची कथामालिका आहे, १९८७ पासूनची, अनेक लेखकांनी मिळून लिहिलेली, त्यात १९४६ मध्ये न्यूयॉर्कवर परग्रहावरचा विषाणू पडतो, लागण झालेल्या शंभरातले नव्वद मरतात, नऊ जणांची शरीरं वेडीवाकडी होतात आणि एखाद्यालाच चांगली शक्ती मिळते. ती गद्यात का चालते तर शक्तीला शरीरात किंमत आहे, वेदना आहे, लाज आहे, आणि हे चित्रापेक्षा शब्दाला जास्त जमतं. तेव्हा ओढणीवाली पाणी अडवते तेव्हा ते कसं दिसतं ह्यापेक्षा तिच्या खांद्याला, दातांना, कानाला काय होतं ते लिहा.

आणि आवाज. फास्टर फेणेला शक्ती नव्हती पण त्याचा तो ट्टॉक आपल्या सगळ्यांच्या कानात आहे, एका आवाजावर पोरगा उभा राहिला. पाणी थांबल्यावर घाटावर काय ऐकू येईल? मी पुरात गोदाघाटावर उभा राहिलोय, तो घोंघाट इतका असतो की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. तो एकदम बंद झाला तर? मला वाटतं ते दृश्यापेक्षा भयंकर असेल.

बाकी सुपरहिरोला महानायक वगैरे शब्द वापरू नका, पुतळा वाटतो. लोक जे म्हणतात तेच ठेवा, ओढणीवाली.

भांडीबाजार_माहेर

काल रात्री बसून शेवटचे अकरा कागद काढून टाकले. पेढ्यांचा प्रसंग गेला.

आता असं आहे. शक्तीचं कारण कुठेच येत नाही, सातपूरही नाही आणि ब्रह्मगिरीही नाही. फुलवाल्या आजी एवढंच म्हणतात की मागच्या मोठ्या पुरात मी तुझ्या आजीला अशीच उभी राहिलेली बघितलं होतं, आणि तिने एकदाच हात वर केला, पुन्हा कधी केला नाही, का ते मला तिने सांगितलं नाही. नायिका चिडते, आजीला भित्री समजते आणि स्वतः पाणी अडवते. आवाज बंद होतो. सिडकोच्या दादांनी सांगितलं तसं आधी तिला भांडीबाजारातल्या दुकानांची कुलुपं वाऱ्याने हलताना ऐकू येतात, मग मागून, रामवाडीकडून, माणसांच्या हाका. तिला कळतं की आपल्या पाठीशी पाणी चढतंय. आणि समोर, खाली, तिला न दिसणारं एक गाव आहे जिथे तिची मावशी राहते. मावशीला मी आता गोठा दिलाय.

तिथे मी अडकलेय. तिला हात खाली घ्यायचाच आहे पण एकदम नाही, हळूहळू, धरणासारखा टप्प्याटप्प्याने, आणि तोवर मावशीला फोन लागला पाहिजे. हा प्रसंग मला पळता ठेवायचाय पण खोटा नको. सायखेड्याचे दादा, रामकुंडावरून निघालेलं पाणी तुमच्या पुलाला लागायला किती वेळ लागतो? दावणीची किती जनावरं तेवढ्यात सुटतील?

सायखेडा_पूल

ते एका आकड्यात सांगता येत नाही ताई, दारणेला किती आहे आणि नदी आधीच किती भरलीये त्याच्यावर असतं. फोन लागला तर मावशी आधी वासरं सोडेल, गाय मागं आपोआप येते, बैल शेवटी. दोन माणसं असली तर दहाबारा जनावरं निघतात, एकटी बाई असली तर निम्मी. रविवारी इकडं या, घरच्यांना घेऊन या, पुलावर उभं राहून पाणी कुठून कसं येतं ते दाखवतो आणि आमच्या आईशी बोला, १९६९ चा पूर तिने बघितलाय.